नाण्यावरचा दुसरा भाऊ

"हे झिजलेलं नाही," दिनकर म्हणाले. "हे कुणीतरी छिन्नीनं काढलंय."

रविवारची दुपार होती, जेवणं नुकतीच उरकली होती. सोप्यात सतरंजीवर माझे केशवमामा पाय पसरून बसले होते. माझे यजमान, दिनकर, त्यांच्यासमोर मांडी घालून ते नाणं खिडकीच्या उजेडाकडं धरून निरखत होते. मी ताकाची भांडी घेऊन उभी होते. ते ऐकून मामांचा चेहरा असा खुलला, की जणू जावयानं परीक्षेत पहिला नंबर काढला.

"बरोब्बर! बहुतेक लोक म्हणतात, झिजलंय. तुम्ही कसं ओळखलंत?"

"हयात ओतकामात गेली आमची. झिजलेलं ब्राँझ गुळगुळीत असतंय. हे बघा, इथं घाव दिसतात. एक, दोन… आणि कडेला जपून मारलाय. शेजारच्याला धक्का लागू नये म्हणून." दिनकरांनी नाणं उलटून बघितलं. "कुणी केलं हे? आणि कशासाठी?"

मामा जहाजावर बिनतारी संदेशांचं काम करत. पंचवीस वर्षं बंदरं फिरले आणि जाईल तिथून जुनी नाणी गोळा करत आले. हे तुर्कस्तानातल्या इझमीर बंदरात, एका कॉफीवाल्याकडून घेतलेलं. कोल्हापूरला ते आमच्याकडं पहिल्यांदाच आले होते. तेही खरं म्हणजे टाउन हॉलच्या संग्रहालयातली, ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली समुद्रदेवाची रोमन मूर्ती बघायला. ती सकाळी बघून झाली होती. आता भाचीच्या सासरी आपली आवडती चीज दाखवायचा कार्यक्रम चालला होता.

नाणं जाडजूड, हिरवट तपकिरी. त्याच्यावर डावीकडं एका तरुणाचं तोंड. कुरळे केस, आखूड दाढी, कपाळाला आठी. तो समोर कुणाकडं तरी बघत होता. समोर मात्र कुणी नव्हतं. एक खरवडलेला सपाट तुकडा, आणि त्याच्याखाली गळ्याचा आणि खांद्याचा जरासा उंचवटा. माणूस गेला होता, खांदा राहिला होता.

असलाच एक खांदा मी आमच्या घरात वर्षभर रोज बघत होते.

तो सोप्याच्याच भिंतीवर होता, मामांच्या डोक्याच्या बरोबर वर. खंडेनवमीला घरच्या फौंड्रीत भट्टीची पूजा झाल्यावर काढलेला फोटो. मधे फेटा बांधलेले सासरे, शेजारी सासूबाई, उजवीकडं दिनकर, आणि डावीकडं पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस, ज्याच्या मानेवर चेहऱ्याच्या जागी नुसता कागदाचा खरबरीत पांढरा डाग. लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, "हे कोण?" दिनकर म्हणाले होते, "फोटो खराब झालाय." आणि त्या दिवशी जेवले नव्हते.

मग शेजारच्या शकूकाकींनी एकदा पाणी भरताना सांगितलं. तो दिनकरांचा धाकटा भाऊ, आनंदा. काही वर्षांपूर्वी त्यानं भट्टीतल्या धातूच्या उकळत्या रसात ओलं भंगार टाकलं आणि स्फोट झाला. सासरे समोर उभे होते, ते जागीच गेले. आनंदाची मान आणि हात भाजले. तो इस्पितळातून परत आला तेव्हा दिनकरांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ब्लेड घेऊन फोटो खरवडला आणि सगळ्यांना बजावलं, या घरात त्याचं नाव निघायचं नाही, आणि त्याच्यासाठी कुणी डोळ्यांतनं पाणी काढायचं नाही. "तुझ्या सासूनं काढलं न्हाई बघ," काकी म्हणाल्या होत्या. "दगड झाली बाई." धाकटा बेळगावला कुणाच्या तरी फौंड्रीत कामाला आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फक्त आमच्या घराला ठाऊक नव्हतं.

यातलं काही मी माहेरी बोलले नव्हते. सासरचं काय सांगायचं आणि काय गिळायचं, हे नव्या सुनेला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळं मामांना काही कल्पना नव्हती.

"मामा, ताक घ्या ना," मी म्हणाले. "आणि तुमची गाडी…"

"गाडीला वेळ आहे गं."

"सांगू दे की त्यांना," दिनकर म्हणाले. नाणं त्यांच्या तळहातावरच होतं. "कोण हा?"

"हा कॅराकॅला. रोमचा सम्राट. अठराशे वर्षांपूर्वीचा. आणि ज्याचा चेहरा काढलाय तो त्याचा धाकटा भाऊ, गेटा. बाप मरताना सांगून गेला होता, एकदिलानं राहा. म्हणून दोघंही गादीवर बसले. एकाच नाण्यावर दोघं, समोरासमोर. हे तेव्हाचं नाणं."

"मग?"

"मग वर्षही झालं नाही. थोरल्यानं निरोप पाठवला, आईच्या महालात ये, मिटवून टाकू. धाकटा आला आणि थोरल्याचे शिपाई आत घुसले. बावीस वर्षांचं पोर ते, धावत जाऊन आईला मिठी मारली. आईच्या कुशीतच मारला त्याला. आणि नंतर फर्मान निघालं. गेटाचं नाव घ्यायचं नाही. जिथं जिथं त्याचा चेहरा असेल, पुतळ्यावर, भिंतीवर, नाण्यावर, तिथून खरवडून काढायचा. गावोगाव लोक छिन्न्या घेऊन बसले. भीतीच तशी होती. त्याचं नाव तोंडातून निघालं म्हणूनसुद्धा माणसं मेली."

दिनकरांनी नाणं हळूच सतरंजीवर ठेवलं. फोटोकडं त्यांनी बघितलं नाही. मीही बघितलं नाही. आम्ही दोघंही तिकडं न बघण्याची इतकी काळजी घेत होतो, की मामांनी मान वर करून शोधायला हवं होतं आम्ही काय टाळतोय ते.

"आन् आई?"

प्रश्न सासूबाईंचा होता. त्या स्वैपाकघराच्या दारात बसल्या होत्या. मांडीवर सुपात तांदूळ. त्या तिथं कधी येऊन बसल्या, कुणालाच कळलं नव्हतं. आमच्या सासूबाई, हौसाबाई, पाव्हण्यांसमोर कधी बोलत नसत. मामा जरा चपापले, पण मग बाईंनी गोष्टीत लक्ष घातलं याचा त्यांना आनंदच झाला.

"आई होती राणी ज्यूलिया. तिच्या हातालाही वार लागला होता. पण अंगावर पोराचं इतकं रक्त होतं, की स्वतःचा हात कापलाय हे तिच्या ध्यानातच आलं नाही."

"मग रडली आसंल लई."

"नाही ना, तीच तर गोष्ट आहे. तिला रडायची बंदी होती. चारचौघांत तर नाहीच, एकटी असतानासुद्धा नाही. तिच्या चेहऱ्यावर, बोलण्यावर पहारा असायचा. हसतमुख राहावं लागायचं, काहीतरी चांगलं घडल्यासारखं."

सासूबाईंचा हात सुपात तसाच राहिला.

"आन् त्यो थोरला? त्याचं बरं झालं?"

"कसलं बरं! सहा वर्षांनी त्याच्याच एका शिपायानं रस्त्यात भोसकला. पण त्याआधीच त्याची दशा झाली होती. स्वप्नात बाप आणि भाऊ तलवारी घेऊन मागं लागायचे म्हणे."

दिनकर उठले. काहीतरी काम आठवल्यासारखं त्यांनी खिसे चाचपले. मला माहीत होतं, आणि फक्त मलाच माहीत होतं, की माझा नवरा झोपेत "अण्णा, मागं सरा, मागं सरा" असं वडलांना ओरडून सांगत उठतो.

तेवढ्यात सूप खाली पडलं. तांदूळ घरभर झाले. सासूबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले आणि त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तसा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही.

"आनंदाऽऽ! माझ्या लेकरा, आनंदाऽऽ!"

"आई," दिनकर म्हणाले. "आई, गप."

"न्हाई गपायची! तिच्यावर शिपायांचा पहारा हुता. माझ्यावर कुणाचा हुता रं? पोटच्या पोराचा! आज मी रडणार हाय. माझं पोर भाजून दारात आलं, त्याला मी पाण्याचा तांब्या दिला न्हाई!"

दिनकर चपला न घालताच बाहेर पडले. फौंड्री रविवारची बंद होती, पण ते तिकडंच गेले असणार हे मला कळलं. सासूबाई रडत राहिल्या. मी त्यांना धरून बसले, आणि मामा समोरच्या भिंतीला टेकून उभे. आता त्यांची नजर फोटोवर गेली होती. त्यांनी खाली वाकून नाणं उचललं, रुमालात गुंडाळलं आणि जाईपर्यंत पुन्हा बाहेर काढलं नाही.

निघताना दारात ते म्हणाले, "वासंती, मी गप्प बसायला पाहिजे होतं गं."

मी काही बोलायच्या आत मागून सासूबाई आल्या. तोंड धुऊन, पदर डोक्यावर घेऊन. "पावणं, तुमी बोललासा ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "परत या. पुढल्या वक्ताला गोडाचं करून घालीन." आणि मामा कोपऱ्यावर वळल्यावर मला म्हणाल्या, "माझं नवं लुगडं काढून ठिव. उद्या बेळगावला जायाचं."

दिनकर दिवेलागणीला आले. सासूबाईंनी त्यांना आधी पाणी दिलं, मग सरळ सांगितलं.

"आई, तू तिकडं गेलीस तर…"

"तर काय? माझा बी फोटो खरवडशील?"

दिनकरांनी माझ्याकडं बघितलं. "आणि तू?"

लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. त्या घरात मी अजून मोठ्यानं हसलेसुद्धा नव्हते. माहेरी वडील नव्हते, भाऊ शिकत होता. नवऱ्यानं घालवलं तर जायला जागा नव्हती. हे सगळं त्या क्षणी माझ्या मनात आलं. आणि समोर सासूबाई उभ्या होत्या, बेळगावचा रस्ता आयुष्यात न बघितलेल्या.

"मी आईंच्या बरोबर जाणार," मी म्हणाले.

आम्ही तिघंही न जेवता झोपलो.

सकाळी मी भाकरी बांधत होते तेव्हा बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. फौंड्रीचा मॅटॅडोर टेम्पो दारात उभा होता आणि दिनकर स्टिअरिंगवर बसले होते. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. नुसतं पलीकडचं दार आतून उघडलं.

बेळगावच्या कारखान्यांच्या वस्तीत, उद्यमबागेत, शिरल्यावर दिनकरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "कुठली फौंड्री, ठाऊक हाय का कुणाला?"

"चिंचेचं झाड बघ," सासूबाई म्हणाल्या. "झाडाच्या मागं निळा पत्रा. भंगाराच्या गाडीवरला इस्माईल पाणी प्यायला येतोय न्हवं आपल्याकडं? त्यो हितंबी भंगार टाकतोय. त्याला मी दर खेपंला इचारते."

दर खेपेला. म्हणजे दिनकर अंगणात भंगार तोलून घेत असताना, त्यांच्या पाठीमागं दहा पावलांवर.

चिंच सापडली, निळा पत्राही सापडला. दिनकर गाडीतच बसून राहिले. मी फाटकावरच्या माणसाला निरोप दिला आणि आम्ही दोघी सावलीत उभ्या राहिलो. थोड्या वेळानं आतून एक माणूस आला. काजळीनं तोंड काळंठिक्कर, हातात जाड मोजे. मी त्या चेहऱ्याची वर्षभर कल्पना करत होते आणि आता तो समोर होता तर काजळीमुळं काही दिसत नव्हता. सासूबाई पुढं झाल्या. पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि त्याचं तोंड पुसायला लागल्या, लहान पोराचं पुसतात तसं. कपाळ, मग गाल, मग हनुवटी. कानाखाली भाजल्याची गुळगुळीत गुलाबी कातडी लागली तेव्हा त्यांचा हात थबकला, मग तिथूनही हळूच फिरला. तो तसाच उभा होता. हात लांब धरून, आईच्या लुगड्याला काळं लागू नये म्हणून.

"आई, कोण घेऊन आलं तुला?"

सासूबाईंनी मान वळवली. टेम्पोचं दार उघडलं होतं. दिनकर उतरून तिथंच, दाराला धरून उभे होते.

भाऊजी दोन पावलं पुढं गेले. "दादा," ते म्हणाले. "जेवलास?"

दिनकर एकदम, कुणी ढकलल्यासारखे बोलले. "ते भंगार मी उघड्यावर टाकलं होतं, आनंदा. ताडपत्री मी काढली होती. रात्री सर येऊन गेली, मला ठाऊक होतं. सकाळी तुला सांगायचं राहिलं माझ्याकडनं. तुझी चूक न्हवती ती. माझी होती."

सहा माणसांच्या बरोबरीनं राबणारा, कुणाचा पैसा न बुडवणारा माझा नवरा इतकी वर्षं कशामुळं झोपेत ओरडत उठत होता, ते मला त्या फाटकापाशी कळलं.

भाऊजी खाली बघत होते. "ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी इस्पितळात पडल्या पडल्या ध्यानात आलं. ताडपत्री तुझ्या सायकलवर घडी घालून ठेवलेली बघितली होती मी."

"मग बोलला का न्हाईस?"

"कुणाला बोलू? अण्णा गेलेले. तू मला दारातनं हाकललंस तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. म्हटलं, हे सांगितलं तर दादा जगायचा न्हाई. आईजवळ एक तरी पोर नको?"

दिनकर तिथंच टेम्पोच्या पायरीवर बसले. भाऊजींनी एक मोजा काढला आणि मोकळा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यावर.

सासूबाई दोघांकडं बघत होत्या. मला वाटलं आता या काहीतरी बोलतील, एवढ्या वर्षांचं काहीतरी. त्या मला म्हणाल्या, "वासंती, भाकरी काढ. पोरास्नी भूक लागली आसंल."

भाऊजी आमच्याबरोबर परत आले नाहीत. दिनकरांनी खूप आग्रह केला, पण ते म्हणाले, "न्हाई दादा, त्या भट्टीसमोर मी परत उभा ऱ्हाणार न्हाई." पुढं त्यांनी बेळगावातच लहानसं वर्कशॉप टाकलं, लग्न केलं, दिवाळीला येत राहिले. दोघं भाऊ एकत्र कामाला पुन्हा कधी लागले नाहीत. सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. पण दर दोन-तीन महिन्यांनी सासूबाई एकट्या एसटीनं बेळगावला जायच्या आणि परत आल्या की आठवडाभर तिकडच्याच गोष्टी सांगायच्या.

त्या दिवशी परत येतानाच त्याची सुरुवात झाली. टेम्पो हत्तरगीला पोचला नाही तोवर त्या बोलायला लागल्या ते थांबेचनात. आनंदा दुपट्यात असताना कसा होता, संकेश्वर येईपर्यंत त्याला दात आले, निपाणीला तो शाळेत जायला लागला. मी हसत होते. दिनकर रस्त्याकडं बघून गाडी चालवत होते.

"आन् एकदा त्यानं पाटलाच्या मळ्यातनं पेरू चोरलं," सासूबाई म्हणाल्या. "पाटील दारात आला बोंबलत. मी असला झोडपला आनंदाला, फुकणीनं!"

"पेरू मी काढले होते, आई," दिनकर म्हणाले.

दिनकर आपणहून धाकट्याच्या गोष्टीत पहिल्यांदा शिरले होते.

"ठाऊक हाय," सासूबाई म्हणाल्या. "तवाच ठाऊक हुतं. तुझ्या खिशाला डाग हुता."

टेम्पो हळू झाला. कागलचे दिवे समोर दिसायला लागले होते.

"मग त्याला का मारलंस?"

"तुला मारलं की तू दोन-दोन दिस जेवायचा न्हाईस, दिनू. कोपऱ्यात तोंड घालून बसायचास, माझ्यानं बघवायचं न्हाई. त्यो मार खायाचा, आन् डोळं पुसून लगीच भाकरी मागायचा."